दोन चाकांवरची पलटण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानांत वसंताच्या आरंभीं एक मौजेचा प्रघात पाळला जातो. हिंवाळ्यांत बर्फाखालीं गेलेले रस्ते मोकळे झाले, कीं मोटारींना वाट देण्यापूर्वीं कांहीं दिवस त्यांपैकीं कांहीं रस्ते सायकलस्वारांना खुले करतात. त्या दिवसांत भोंग्यांचा आवाज नसतो, धूर नसतो. गव्यांचे कळप रस्त्याच्या कडेला चरत असतात आणि त्यांच्यापासून बेताचें अंतर राखून माणसें दोन चाकांवरून पुढें जात असतात. उन्हाळा आला, म्हणजे वाटाड्या बरोबर घेऊन चार-आठ दिवस डोंगराळ उद्यानांतून सायकलीनें हिंडणारे संघ निघतात. त्यांचें सामान गाडींतून पुढें जातें, मुक्काम आधीं ठरलेला असतो, चाक बिघडलें तर दुरुस्त करणारा हाताशीं असतो. हा विहार आज हौसेचा व सुखाचा झाला आहे. परंतु ह्याच भूमींत अशी शिस्तबद्ध फेरी १८९६ सालीं ज्या मंडळींनीं केली, तीं हौशी नव्हतीं, सुखवस्तु नव्हतीं, आणि गोरीं तर नव्हतींच. ते होते संयुक्त संस्थानांच्या पंचविसाव्या पायदळ पलटणींतील आठ कृष्णवर्णी सैनिक.

त्यांच्या प्रवासाचें मोल कळावें म्हणून प्रथम त्या उद्यानाची थोडी हकीकत ध्यानांत घ्यावी लागते. १ मार्च १८७२ रोजीं अध्यक्ष ग्रँट ह्यांनीं ज्या कायद्यावर सही केली, त्यानें यलोस्टोन नदीच्या उगमाजवळचा विस्तीर्ण डोंगराळ प्रदेश विक्रीपासून व वसाहतीपासून कायमचा वगळला. हा प्रदेश लोकांच्या हितासाठीं व आनंदासाठीं राखावा, असा त्या कायद्याचा आशय होता. राजाचें शिकारीचें रान नव्हे, धनिकाची बाग नव्हे, तर सर्व जनतेची मालमत्ता, ही कल्पना त्या काळीं नवी होती व तिचा गौरव जगभर झाला. मात्र ‘लोक’ ह्या शब्दांत कोणाची गणना व्हावी, हा प्रश्न त्या कायद्यानें सोडविला नव्हता.

पहिला अनुभव तेथील मूळ रहिवाशांना आला. १८७७ च्या उन्हाळ्यांत नेझ पर्स जमातीचे कांहीं गट सरकारी हुकूम नाकारून आपल्या मुलांबाळांसह व घोड्यांसह पूर्वेकडे निघाले. लष्कर पाठीवर असतांना ऑगस्ट महिन्यांत ते ह्याच उद्यानांतून गेले. त्या वेळीं तेथें आलेल्या कांहीं प्रवाशांशीं त्यांची गांठहि पडली. अखेर ऑक्टोबरांत, कॅनडाची सरहद्द कांहीं मैलांवर राहिली असतां, जोसेफ ह्या त्यांच्या नायकानें शस्त्र खालीं ठेवलें. ज्या सेनानीपुढें तें ठेवलें, त्याचें नांव नेल्सन माइल्स. त्याच धामधुमींत मोंटानामध्यें मिझूला गांवाजवळ एक लष्करी ठाणें उभारण्यांत येत होतें. हा सेनानी आणि हें ठाणें, दोन्ही पुढच्या कथेंत पुन्हा येतात.

कायदा झाला, तरी उद्यानाचें रक्षण झालें नाहीं. चोरटे शिकारी गवे व सांबरें मारीत. प्रवासी उष्ण झऱ्यांभोंवतालचें नक्षीदार खडक फोडून नेत. देखरेखीस पुरेसा पैसा नसे. शेवटीं १८८६ सालीं हें काम लष्कराकडे सोंपविण्यांत आलें व तें १९१८ पर्यंत लष्कराकडेच राहिलें. लष्कराच्या इंजिनिअरांनीं १८८३ पासूनच रस्ते बांधण्यास प्रारंभ केला होता. हळूहळू झरे, सरोवर व दरी ह्यांना जोडणारा वळसेदार मार्ग तयार झाला. आगगाडी उद्यानाच्या उत्तर सीमेजवळ सिनाबार येथपर्यंत येई. तेथून प्रवासी घोड्यांच्या मोठ्या गाड्यांत बसत, धुळीपासून रक्षण व्हावें म्हणून लांब अंगरखे चढवीत आणि पांच-सहा दिवसांत सर्व चमत्कार पाहून परत जात. सायकल तेथें अगदीं अपरिचित होती असें नव्हे. १८८३ सालीं वायोमिंगमधील लॅरॅमी गांवच्या तिघां हौशी गृहस्थांनीं पुढें प्रचंड व मागें चिमुकलें चाक असलेल्या जुन्या पद्धतीच्या सायकली तेथें फिरविल्या होत्या. परंतु तें साहस होतें. त्यावरून डोंगरांत सायकलीचा नित्य उपयोग होईल कीं नाहीं, हें ठरण्यासारखें नव्हतें.

त्यानंतरच्या दहा वर्षांत सायकलच बदलली. दोन्ही चाकें सारखीं झालीं, सांखळीनें मागचें चाक फिरूं लागलें, आणि १८८८ सालीं डनलॉपनें हवा भरलेल्या रबरी धांवा प्रचारांत आणल्या. युरोपांतील कित्येक सैन्यांनीं निरोप्यांसाठीं व टेहळणीसाठीं सायकलस्वारांच्या तुकड्या उभारल्या. अमेरिकेंत ह्या वाहनाचा कैवार घेणारांत प्रमुख होता तोच जनरल नेल्सन माइल्स. १८९५ सालीं तो सरसेनापति झाला. घोड्याला दाणा लागतो, पाणी लागतें, विश्रांति लागते. सायकलीला ह्यांपैकीं कांहींच लागत नाहीं आणि तिच्या टापांचा आवाजहि होत नाहीं, असा त्या पक्षाचा युक्तिवाद होता. युक्तिवाद आकर्षक होता. पण पश्चिमेकडील डोंगर, चिखल व वाळू ह्यांनीं त्याला अजून मान्यता दिली नव्हती.

ही परीक्षा घेण्याची परवानगी मागितली ती लेफ्टनंट जेम्स मॉस ह्या चोवीस वर्षांच्या अधिकाऱ्यानें. मॉस मूळचा लुइझियानाचा. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांतून १८९४ सालीं तो बाहेर पडला तो आपल्या वर्गांत अगदीं शेवटच्या क्रमांकानें. वरच्या क्रमांकाचे तरुण आपल्या आवडीची नेमणूक पत्करीत; कृष्णवर्णी सैनिकांच्या पलटणींत जाण्यास फारसे कोणी उत्सुक नसत. मॉसच्या वांट्यास मिझूला येथील पंचविसावी पलटण आली. यादवी युद्धानंतर सैन्याची पुनर्घटना होतांना १८६९ सालीं ही पलटण बनली होती. शिपाई व हवालदार सारे कृष्णवर्णी, आणि वरचे अधिकारी बहुतेक सर्व गोरे, अशी तिची रचना होती. दूरच्या ठाण्यांवर रस्ते तयार करणें, तारा ओढणें, संपाच्या काळांत आगगाड्यांचें रक्षण करणें, अशीं कष्टाचीं पण कीर्तीवांचूनचीं कामें तिच्या वांट्यास येत.

१८९६ च्या उन्हाळ्यांत मॉसनें आठ जणांची तुकडी निवडली. सार्जंट डाल्बर्ट ग्रीन, कॉर्पोरल जॉन विल्यम्स, वाद्यवादक विल्यम ब्राउन, आणि फ्रँक जॉन्सन, विल्यम प्रॉक्टर, विल्यम हेन्स, एल्वुड फोरमन व जॉन फिंडली हे शिपाई, अशीं त्यांचीं नांवें नोंदलेलीं आहेत. फिंडली ह्याला सायकलींच्या दुरुस्तीचें चांगलें ज्ञान होतें, म्हणून यंत्राची जबाबदारी त्याच्याकडे आली. स्पाल्डिंग कंपनीनें सायकली पुरविल्या. कवायत सुरू झाली. उंच कुंपण सायकलीसह झपाट्यानें ओलांडणें, ओढा आला तर सायकल दांडीला अडकवून दोघांनीं खांद्यावरून पलीकडे नेणें, रांग न मोडतां चढ चढणें, हे तिचे विषय होते. तंबूचें कापड व कांबळें ह्यांची वळकटी हातदांड्यापुढें बांधलेली, सायकलीच्या चौकटींत शिधा ठेवण्याची पेटी, आणि शिवाय बंदूक व काडतुसें, असा प्रत्येकाचा सरंजाम असे. शिध्यांत डुकराचें खारवलेलें मांस, पीठ, डब्यांतील घेवडा, साखर व कॉफी असे.

ऑगस्टच्या ६ तारखेस पहिली छोटी फेरी निघाली. मिशन पर्वतांतील मॅक्डॉनल्ड सरोवराला जाऊन यावयाचें, चार दिवसांत १२६ मैल. पावसानें ह्या फेरींत मंडळींची पुरती परीक्षा घेतली. तेथील चिकण माती ओली झाली, कीं चाकांना अशी बिलगे कीं चाक फिरेनासें होई. मग उतरावें, काठीनें चिखल खरवडावा, पुन्हा चार पावलें ढकलीत जावें. धांवा निसटत, सांखळ्या तुटत. ज्या वाहनानें माणसाला वाहून न्यावयाचें, त्यालाच माणसानें खांद्यावर घ्यावें असे प्रसंग वारंवार आले. तरीहि ठरल्या वेळीं सर्वजण परत आले. आणि जेमतेम सहा दिवसांनीं, १५ ऑगस्ट रोजीं, हीच तुकडी यलोस्टोनच्या दिशेनें निघाली.

हा प्रवास जाऊन-येऊन सुमारे ८०० मैलांचा होता. मिझूलाहून पूर्वेस जाणारी वाट नदीच्या खोऱ्यांतून वर चढत खंडाच्या जलविभाजक पर्वतरांगेपर्यंत जाते. ह्या रांगेच्या एका बाजूस पडलेलें पाणी पॅसिफिक महासागराला व दुसऱ्या बाजूचें मिसुरी नदीवाटे मेक्सिकोच्या आखाताला मिळतें. रांग ओलांडून हेलेना, तेथून बोझमन, लिव्हिंग्स्टन, आणि मग दक्षिणेस वळून यलोस्टोन नदीच्या कांठानें उद्यानाचें उत्तर द्वार, असा त्यांचा मार्ग होता. चढ कठीण असला म्हणजे उतरून चालावें लागे. आणि उतार आला म्हणजे सुख होई असेंहि नव्हे, कारण ओझ्यानें जड झालेली सायकल दगडगोट्यांच्या रस्त्यावर आवरणें हें चढण्यापेक्षांहि अवघड होतें. जेथें रस्ता निरुपयोगी झाला, तेथें ते आगगाडीच्या रुळांमधून, एकेका लांकडी आडव्या तुळईवरून हिसके खात गेले. आठ-नऊ दिवसांत ते मॅमथ येथील फोर्ट यलोस्टोन ठाण्यावर पोंचले. तेथें थोडी विश्रांति घेऊन त्यांनीं उद्यानाची प्रदक्षिणा आरंभिली.

ज्या मार्गानें श्रीमंत प्रवासी घोड्यांच्या गाड्यांतून जात, त्याच मार्गानें हे सैनिक गेले. उकळत्या पाण्याचीं कुंडें, गंधकाच्या वाफा, रंगीत चिखलाचे बुडबुडे, ठराविक वेळानें शंभर फुटांवर उसळणारा ओल्ड फेथफुल कारंजा, ८,००० फुटांहून उंच असलेली जलविभाजक खिंड, समुद्रासारखें पसरलेलें सरोवर आणि पिंवळ्या कड्यांमधून ३०८ फूट खालीं झेंप घेणारा धबधबा, हें ह्या प्रदेशाचें वैभव. टेहळणी करण्यास शिकलेल्या डोळ्यांनीं त्यांनीं तें पाहिलें. ज्यांना लष्करानें आजवर राबण्यासाठींच डोंगरांत पाठविलें होतें, त्यांना त्याच लष्कराच्या हुकमानें राष्ट्राच्या ह्या आनंदभूमींत चार-पांच दिवस मोकळेपणीं हिंडावयास मिळालें, ही गोष्ट लहान नव्हती.

ती लहान कां नव्हती, हें त्याच वर्षाच्या दुसऱ्या एका घटनेवरून स्पष्ट होतें. लुइझियानाच्या कायद्यानें आगगाडींत कृष्णवर्णीयांसाठीं वेगळे डबे ठरविले होते. होमर प्लेसी नांवाच्या गृहस्थानें १८९२ सालीं गोऱ्यांच्या डब्यांत बसून त्या कायद्याला आव्हान दिलें. १८ मे १८९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला तो त्याच्याविरुद्ध. वेगळें ठेवलें तरी समानता भंगत नाहीं, असें न्यायालयानें मानलें. एकट्या न्यायमूर्ति हार्लननें विरोधी मत नोंदविलें. ह्या निकालाला तीन महिने होतात न होतात, तोंच आठ कृष्णवर्णी नागरिक सरकारी गणवेशांत, आपल्याच पायांच्या बळावर, राष्ट्रीय उद्यानाच्या राजरस्त्यावरून चालले होते. सायकलीला पहिला आणि दुसरा वर्ग नसतो. तिच्यावर बसणाऱ्याला कोणत्या डब्यांत बसावें, हें कोणी सांगूं शकत नाहीं. त्या सैनिकांनीं हा विचार केला असेल वा नसेल. इतिहासाला मात्र हे दोन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवल्यावांचून राहवत नाहीं.

१ सप्टेंबरच्या सुमारास परतीचा प्रवास सुरू झाला व ८ सप्टेंबर रोजीं तुकडी मिझूलास आली. माणसें धडधाकट होतीं. मॉसचा उत्साह दुणावला आणि त्यानें याहून मोठी परीक्षा योजिली. १४ जून १८९७ रोजीं वीस सैनिक, एक शस्त्रवैद्य, एक तरुण वार्ताहर व स्वतः मॉस, असे सर्वजण मिसुरी संस्थानांतील सेंट लुईस शहराकडे निघाले. अंतर १,९०० मैल. जूनमध्यें पर्वतरांगेवर त्यांना बर्फ लागलें. जुलैंत नेब्रास्काच्या वालुकामय टेकड्यांतून जातांना उन्हानें अंग भाजून निघालें, आणि क्षारयुक्त पाणी पिऊन कित्येक आजारी पडले. तेथेंहि वाळूंतून सायकल चालेना, तेव्हां पुन्हा आगगाडीचा लोहमार्ग धरावा लागला. २४ जुलै रोजीं, म्हणजे एकेचाळिसाव्या दिवशीं, ते सेंट लुईसला पोंचले. वाटेंतले मुक्काम वजा केले, तर प्रत्यक्ष प्रवासाच्या चौतीस दिवसांत रोज सरासरी ५६ मैल पडले. शहरांत त्यांच्या स्वागताला हजारों माणसें लोटलीं. पलटणीला पायीं जावयास जो वेळ लागला असता, त्याच्या निम्म्याहून कमी वेळांत हें अंतर तोडलें, हा मॉसचा निष्कर्ष होता. सैनिक आगगाडीनें परत गेले आणि सायकली निर्मात्याकडे परत पाठविण्यांत आल्या.

पुढच्या वर्षीं स्पेनशीं युद्ध जुंपलें व पंचविसावी पलटण क्यूबांत गेली. १ जुलै १८९८ रोजीं एल केनी येथील लढाईंत तिनें शौर्य गाजविलें. सायकलींचा प्रयोग तेथेंच संपला. थोड्याच वर्षांत मोटार आली आणि त्या प्रयोगाची गरजहि उरली नाहीं. यलोस्टोनमध्यें मोटारींना १९१५ सालीं प्रवेश मिळाला.

पण माणसांची कथा अजून संपली नव्हती. १८९७ च्या मोठ्या प्रवासांतील सैनिकांमध्यें मिंगो सँडर्स हा वयानें व अनुभवानें वडील असा सार्जंट होता. क्यूबांत थिओडोर रूझवेल्ट ह्यांच्या स्वयंसेवक घोडदळाला अन्नाची टंचाई पडली, तेव्हां आपल्या कंपनीनें आपल्या शिध्यांतील कडक बिस्किटें त्यांना दिलीं, असें सँडर्सनें पुढें सांगितलें. रूझवेल्ट पुढें राष्ट्राध्यक्ष झाले. २४ एप्रिल १९०३ रोजीं त्यांनीं यलोस्टोनच्या उत्तर द्वारावर उभारावयाच्या दगडी कमानीची कोनशिला बसविली. त्या कमानीवर १८७२ च्या कायद्यांतील तेच शब्द कोरलेले आहेत. हें उद्यान लोकांच्या हितासाठीं व आनंदासाठीं आहे, असें ते सांगतात. सात वर्षांपूर्वीं ती सायकलस्वार तुकडी ह्याच बाजूनें आंत गेली होती.

त्यानंतर तीन वर्षांनीं, १३ ऑगस्ट १९०६ च्या मध्यरात्रीच्या सुमारास, टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल गांवांत गोळीबार झाला. एक मनुष्य ठार झाला व एक पोलीस अधिकारी जखमी झाला. पंचविसाव्या पलटणीच्या तीन कंपन्या नुकत्याच गांवाजवळच्या ठाण्यांत आल्या होत्या. संशय त्यांच्यावर गेला. सर्व सैनिक त्या वेळीं बराकींत होते, असें त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनींच प्रथम सांगितलें होतें. कोणावरहि गुन्हा शाबीत झाला नाहीं, कोणीं कबुलीहि दिली नाहीं. आणि कोणी कोणाचें नांव सांगत नाहीं, हाच अपराध ठरवून रूझवेल्ट ह्यांनीं नोव्हेंबरांत १६७ सैनिकांना चौकशीच्या न्यायासनापुढें उभें न करतांच सन्मानावांचून काढून टाकलें. त्यांत मिंगो सँडर्स होता. पंचवीस वर्षांहून अधिक नोकरी, डोंगर, वाळू, युद्ध, सारें पुसलें गेलें. निवृत्तिवेतनाचा हक्कहि गेला. सेनेटर फोरेकर ह्यांनीं ह्या सैनिकांची बाजू नेटानें मांडली, तरी हुकूम फिरला नाहीं. सँडर्स १९२९ सालीं वारला. लष्करखात्यानें तो हुकूम रद्द करून सर्वांना सन्मानपूर्वक मुक्त केल्याचें जाहीर केलें तें १९७२ सालीं. तोंवर न्याय स्वीकारावयास जवळजवळ कोणी उरलेंच नव्हतें. हयात असलेल्या डॉर्सी विलिस ह्या वृद्धाला पुढें २५,००० डॉलर देण्यांत आले.

ह्या दोन हकीकती निरनिराळ्या ठेवून सांगण्याची पद्धत आहे. सायकलींचा इतिहास लिहिणारे १८९६ व १८९७ चे प्रवास सांगून थांबतात. न्यायाचा इतिहास लिहिणारे १९०६ पासून आरंभ करतात. परंतु पलटण एकच होती, आणि एका माणसाच्या आयुष्यांत तर दोन्ही गोष्टी घडल्या. सरकारला त्या सैनिकांची सहनशक्ति मोजून पहावयाची होती, आणि तिचे मैल, तास व दिवस बारकाईनें नोंदले गेले. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची वेळ आली, तेव्हां मात्र त्या नोंदींतील एकहि आंकडा उपयोगीं पडला नाहीं.

१९७४ सालीं मोंटाना विद्यापीठांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं मिझूला ते सेंट लुईस हा मार्ग पुन्हा सायकलीनें आक्रमिला, आणि विस्मृतींत गेलेलीं तीं नांवें पुन्हा लोकांच्या कानांवर आलीं. त्या पहिल्या फेरीचें एक छायाचित्रहि टिकून आहे. उद्यानाचा छायाचित्रकार जे हेन्स ह्यानें तें मॅमथ येथें टिपलें. मिनर्व्हा नांवाच्या झऱ्यानें युगानुयुगें चुना सांचवून रचलेल्या पांढऱ्या पायऱ्यांवर सैनिक आपापल्या सायकली धरून उभे आहेत. त्या पायऱ्यांवरचें पाणी कधीं आटतें, कधीं वाट बदलून पुन्हा वाहूं लागतें. आज वसंतांत मोकळ्या रस्त्यावरून सायकल हांकीत मॅमथला येणारे प्रवासी त्याच पायऱ्यांशीं थांबतात. तेथें घटकाभर उभें राहून त्या आठ जणांचीं नांवें उच्चारलीं, तर कमानीवर कोरलेल्या ‘लोक’ ह्या शब्दाचा अर्थ थोडा अधिक पूर्ण होईल.